अलेक्झांडरवोल : दोनदा गाव उचलून नेलेली मंडळी

१८७४ च्या उन्हाळ्यात दक्षिण रशियातलं अलेक्झांडरवोल नावाचं गाव जवळपास अख्खं विक्रीला निघालं. घरं, घोडे, नांगर, कपाटं, जे जहाजावर चढवता येणार नव्हतं ते सगळं. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं निघण्याच्या तयारीत होती, म्हणजे विकणारे फार आणि घेणारे थोडे. मिळेल त्या भावाला वस्तू गेल्या. दुष्काळ पडला नव्हता. जमीन उत्तम होती, गव्हाला बाजार होता, कोणी हाकलूनही दिलं नव्हतं. तरी सुमारे ८०० माणसांनी अमेरिकेचा रस्ता धरला आणि मागे मोजकीच घरं राहिली. कारण एकच होतं. झारच्या सरकारने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आणला होता आणि ही माणसं मेनोनाइट होती. शस्त्र हातात धरायचं नाही, हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा होता.

ती मंडळी, म्हणजे हा चर्चसमुदाय, आज अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, मॅरियन काउंटीत आहे. गेसेल हे साडेपाचशे वस्तीचं गाव, त्याच्या उत्तरेला मैलभरावर १८८६ साली बांधलेलं मोठं पांढरं प्रार्थनामंदिर, आणि चहूकडे शेतं. नाव अजून तेच, अलेक्झांडरवोल. ग्रामीण मंडळी कशी टिकते आणि तिची सेवा, म्हणजे 'मिशन', प्रत्यक्षात कसं घडतं किंवा बिघडतं, हे समजून घ्यायला मला याहून बोलकं प्रकरण माहीत नाही. या मंडळीच्या कागदांत दीडशे-दोनशे नव्हे, चांगली साडेतीनशे वर्षांची साखळी सापडते. ती वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. जे स्वतः भोगलं त्यातून या लोकांनी जी सेवा उभी केली ती रुजली. जी सेवा 'आपल्याकडे सत्य आहे, तुमच्याकडे नाही' या भावनेने बाहेर पडली तिने जखमा केल्या.

विस्तुलाकाठची शेतकरी मंडळी

मूळ सोळाव्या शतकात आहे. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या बाळाला काही समजत नाही, तेव्हा समजत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, असं त्यांचं म्हणणं. आज हे साधं वाटतं. त्या काळी बाळाचा बाप्तिस्मा म्हणजेच राज्याच्या प्रजेत नाव लागणं होतं, त्यामुळे तो नाकारणारा राज्यद्रोही ठरे. कित्येकांना बुडवून, जाळून मारलं गेलं. फ्रीसलंडचे धर्मगुरू मेनो सिमन्स यांनी १५३६ साली कॅथलिक चर्च सोडलं आणि विखुरलेल्या, घाबरलेल्या या लोकांना सांभाळलं. त्यांच्याच नावावरून हे लोक मेनोनाइट झाले.

डच प्रदेशातून पळालेली कुटुंबं बाल्टिक किनाऱ्याने विस्तुला नदीच्या खोऱ्यात आली. दलदल उपसून शेत कसं करायचं हे त्यांना येत होतं आणि पोलिश जमीनदारांना नेमकी तीच माणसं हवी होती. प्शेखुवका या खेड्यात त्यांतली एक मंडळी स्थिरावली. बुलर, वेडेल, उनरू, श्मिट, व्होथ, शिवाय रात्झलाफ अशी मोजकी आडनावं. रात्झलाफांचा मूळ पुरुष स्वीडनच्या सैन्यातला शिपाई होता, तलवार टाकून तो मंडळीत आला, अशी कुळकथा सांगतात.

या मंडळीने आपलं नोंदपुस्तक जिवापाड जपलं. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, कोण कोणाचा मुलगा, कोण बाहेरून आलं. सतराव्या शतकापर्यंत मागे जाणारी ही वंशावळ पोलंडातून रशियात गेली, रशियातून कॅन्ससला आली. गाव, भाषा, देश, राजा सगळं बदललं; पुस्तक सुटलं नाही. मंडळी म्हणजे नक्की काय टिकलं, असं कोणी विचारलं तर मी आधी या वहीकडे बोट दाखवीन.

१७७२ नंतर पोलंडची फाळणी होत गेली आणि हा भाग प्रशियाच्या राजाकडे गेला. प्रशियाचं सैन्य जमिनीच्या हिशेबावर उभं होतं. लष्करी सेवा न देणाऱ्या मेनोनाइटांनी नवी जमीन घेऊ नये असे निर्बंध आले. मुलं वाढत होती, वावरं वाढत नव्हती. १८२० मध्ये वडील पेटर वेडेल यांच्या पुढारपणाखाली वीसेक कुटुंबं गाड्या जोडून निघाली. इथे 'वडील' म्हणजे मंडळीचा मुख्य सेवक, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देणारा. वाटेत खुद्द झार पहिला अलेक्झांडर भेटला आणि त्याने शुभेच्छा दिल्या, अशी आठवण मंडळीत चालत आली आहे. १८२१ साली वसलेल्या गावाच्या नावात ती राहिली.

करार झाला, करार मोडला

ते वसले मोलोच्ना नदीच्या काठी, आजच्या युक्रेनच्या झापोरिझिया भागात. १८०० साली झार पहिल्या पॉलने मेनोनाइटांना सनद दिली होती, लष्करी सेवेपासून 'कायमची' सूट. त्या बदल्यात त्यांनी ओसाड गवताळ माळावर शेती उभी करून दाखवायची. त्यांनी ती दाखवली. योहान कॉर्निस नावाच्या शेतकरी सुधारकाने चार भागांची फेरपालट, एक भाग पडीक ठेवून ओल साठवणं, झाडं लावणं हे इतक्या कडक शिस्तीने राबवलं की सरकारी अधिकारी मोलोच्ना बघायला येऊ लागले.

पण वसाहतीच्या आत सगळं बरं नव्हतं. शेताचे तुकडे करायचे नाहीत हा नियम, त्यामुळे एका मुलाला शेत आणि बाकीचे भूमिहीन. १८६० च्या दशकात मोलोच्नातली निम्म्याहून अधिक कुटुंबं जमिनीवाचून होती आणि गावपंचायतीत मत फक्त जमीनवाल्यांना. शांतीचं तत्त्व सांगणाऱ्या लोकांत जमिनीवरून कडाक्याचं भांडण झालं. कॅन्ससच्या स्थलांतराची गोष्ट सांगताना हा भाग अनेकदा वगळला जातो. मला तो वगळवत नाही. अमेरिकेला जाण्यात श्रद्धा होती तशी जमिनीची भूकही होती. भूमिहीन बापाने आपल्या मुलांसाठी वावर मागावं यात वाईट काही नाही.

मग १८७० च्या सुमारास बातमी आली की सनद जाणार. १८७४ च्या जानेवारीत सर्वांना लष्करी सेवा लावणारा कायदा झालाच. 'कायमची' सूट एकंदर ७४ वर्षं टिकली. राजाने दिलेली सवलत ही चांगल्या शेतकऱ्यांशी केलेला व्यवहार होता. गरज संपली, व्यवहार संपला.

निर्णय कसा घेतला

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग इथे आहे. १८७३ मध्ये मेनोनाइट आणि हुटराइट (त्याच परंपरेतला, मालमत्ता सामाईक ठेवणारा पंथ) वसाहतींनी मिळून बारा जणांचं शिष्टमंडळ उत्तर अमेरिकेला धाडलं. अलेक्झांडरवोलकडून याकोब बुलर गेले. मॅनिटोबा, डाकोटा, मिनेसोटा, नेब्रास्का, कॅन्सस, सगळीकडे त्यांनी माती हातात घेऊन पाहिली.

समोर दोन पर्याय होते. कॅनडाच्या सरकारने लष्करी सेवेतून सूट लिहून दिली. अमेरिकेने दिली नाही. शिष्टमंडळातले हुटराइट प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनाही भेटले, पण केंद्र सरकारकडून लेखी हमी मिळाली नाही. कॅन्सस राज्याने मात्र मार्च १८७४ मध्ये आपल्या मिलिशियाच्या, म्हणजे राज्याच्या नागरी फौजेच्या, कायद्यात शस्त्राला नकार देणाऱ्यांसाठी सूट घातली. ज्यांना कागद महत्त्वाचा वाटला ते मॅनिटोबाला गेले. अलेक्झांडरवोलने कॅन्सस निवडलं. तिथली हवा आणि माळ मोलोच्नासारखे होते, जमीन काळी होती, रेल्वे दारात येत होती. ज्या कारणासाठी गाव सोडलं त्याच कारणाची हमी न घेता ही माणसं गेली. त्याची किंमत १९१७ मध्ये मोजावी लागली.

दरम्यान झारनेही जनरल टोटलेबेनला मोलोच्नाला पाठवलं. इतके कसलेले शेतकरी गमवायला रशिया तयार नव्हता. त्याने तोड सुचवली की बंदूक नको तर जंगलखात्यात काम करा. बहुसंख्यांनी ती मान्य केली. रशियातल्या मेनोनाइटांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश, म्हणजे अठराएक हजार लोक बाहेर पडले, बाकीचे थांबले. थांबणाऱ्यांना भित्रे म्हणण्यात अर्थ नाही. त्या वेळी त्यांचा निर्णयही शहाणपणाचाच दिसत होता.

अलेक्झांडरवोलने ठरवलं ते एकत्र. निघाले तेही एकत्र, हॅम्बुर्गहून 'सिंब्रिया' आणि 'ट्यूटोनिया' या दोन जहाजांवर. 'सिंब्रिया' २७ ऑगस्टला न्यूयॉर्कला लागलं, 'ट्यूटोनिया' आठवड्याने. सोबत कडक भाजलेले त्स्वीबाक होते. लोण्याच्या कणकेचा एक गोळा, त्याच्यावर दुसरा छोटा गोळा बसवून भाजायचा, आणि प्रवासाला न्यायचा असेल तर पुन्हा भट्टीत सुकवायचा. आपण लांबच्या वाटेला दशम्या बांधतो तसंच ते. आजही त्या भागातल्या घरांत शनिवारी त्स्वीबाक होतात.

पहिला हिवाळा

'सिंब्रिया'वरचे लोक बुलर यांच्याबरोबर आधी नेब्रास्कातल्या लिंकनला थांबले. तिथे दोन रेल्वे कंपन्यांचे दलाल त्यांच्यासाठी एकमेकांवर चढाओढ करत होते. अ‍ॅचिसन, टोपेका अँड सँटा फे रेल्वेचा सी. बी. श्मिट जर्मन बोलायचा आणि त्याने बाजी मारली. रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंना सरकारकडून लाखो एकर मिळाले होते. गिऱ्हाईक मिळत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात टोळधाडीने कॅन्ससचं मक्याचं पीक देठासकट फस्त केलं होतं आणि आधीचे वसाहतवाले गाशा गुंडाळून पूर्वेला परतत होते. अशा वेळी रोख पैसे घेऊन, अख्खी मंडळी घेऊन आलेला शेतकरी रेल्वेला देवदूतच वाटला असणार.

रेल्वेने त्यांच्यासाठी माळावर दोन लांबलचक छपरं उभारून दिली, प्रत्येक १८ फूट रुंद आणि २०० फूट लांब. पहिला हिवाळा तिथेच गेला. डझनावारी कुटुंबं एका आढ्याखाली, जेवणखाण, आजारपण, प्रार्थना सगळं तिथेच.

झाड नसलेल्या माळावर सरपण कुठलं? ते त्यांना मोलोच्नाहून माहीत होतं. घराच्या मधोमध विटांची मोठी भट्टी बांधायची, तिच्या भिंती सगळ्या खोल्यांना लागून, आणि तिच्यात गवताचे पिळे किंवा वाळवलेल्या शेणाच्या विटा घालायच्या. सकाळ-संध्याकाळ एकदा पेटवली की भिंत तासन्‌तास ऊब धरते. अमेरिकन पत्रकारांनी याचं नवल लिहून ठेवलं. गोवरीवर भाकरी भाजलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

मळणीसाठी त्यांनी चुनखडीचे दगड घडवले. साधारण हात-दीड हात व्यासाचा रूळ, त्याला लांबीभर सात दात पाडलेले. घोडा जुंपून तो खळ्यात पसरलेल्या गव्हावरून गरगर फिरवायचा. हे दगड दोन-चार हंगामच चालले, कारण मळणीयंत्रं आली. पुढे ते अंगणात, संग्रहालयांत गेले.

एक गोष्ट मात्र त्यांना हवी तशी साधली नाही. मोलोच्नात एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं आणि गावाबाहेर शेतं, अशी वस्ती होती. इथेही त्यांनी होखफेल्ड वगैरे नावांची छोटी गावं वसवली, शेतांच्या लांब पट्ट्या पाडल्या. पण अमेरिकेत जमीन चौरस मैलाच्या तुकड्यांत मोजलेली, एक तुकडा रेल्वेचा तर लगतचा सरकारचा, आणि प्रत्येक मालक आपल्या तुकड्यावर घर बांधून राहतो. काही वर्षांत गावं मोडली, घरं दूरदूर पांगली. गाव गेल्यावर रविवारी सगळ्यांनी जिथे यायचं ते प्रार्थनामंदिर हेच गाव झालं. १८८६ साली एवढ्या विरळ वस्तीत तिन्ही बाजूंनी सज्जा असलेली इतकी मोठी इमारत का बांधली, याचं उत्तर मला इथे सापडतं. १९२८ मध्ये तिची डागडुजी आणि फेरबांधणी झाली, १९९० मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेली.

गहू

कॅन्ससच्या मुलांना शाळेत एक गोष्ट सांगतात. निघण्याआधी मेनोनाइट पोरांनी एकेक दाणा निवडून पेट्या भरल्या आणि त्या दाण्यांतून अमेरिकेचं गव्हाचं कोठार उभं राहिलं. गोष्ट गोड आहे. इतिहासकार तिच्याकडे जपूनच बघतात, कारण पेट्यांतल्या दाण्यांनी लाखो एकर पेरले जात नाहीत. पण 'टर्की रेड' हा कठीण, लाल, हिवाळी गहू या लोकांबरोबर आला आणि रुजला हे खरं. तो शरद ऋतूत पेरायचा, बर्फाखाली झोपू द्यायचा आणि जूनअखेर काढायचा. उन्हाळ्याचा कडाका आणि टोळ यांच्या आधीच पीक घरात.

आधी गिरणीवाले त्याला हात लावेनात. मऊ गव्हासाठी बनवलेल्या जात्याच्या दगडांनी तो नीट दळला जात नसे. १८७२ मध्येच अमेरिकेला आलेले बर्नहार्ड वार्केन्टिन हे गिरणीमालक मेनोनाइटच. त्यांनी या गव्हासाठी गिरण्या चालवल्या आणि नंतर रशियातून बियाणं मोठ्या प्रमाणावर मागवलं. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्यावर याच कठीण गव्हाचा आटा पावासाठी सरस ठरला. बी, दळण्याची सोय आणि रेल्वे अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा कॅन्सस गव्हाचं राज्य झालं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण स्थलांतराच्या गौरवकथांत ती सहसा नसते. हा माळ रिकामा नव्हता. मॅरियन काउंटीच्या शेजारीच काउन्सिल ग्रोव्हजवळ कॉ या मूळ अमेरिकन लोकांची राखीव जमीन होती आणि आजूबाजूचा माळ ही त्यांची शिकारीची जागा. ज्यांच्या नावावरून कॅन्सस म्हणतात तेच हे लोक. १८७३ च्या जूनमध्ये सरकारने त्यांना तिथून उठवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. पुढच्याच वर्षी मेनोनाइट आले. सक्तीने वागवणाऱ्या राज्यापासून पळालेल्या लोकांना, दुसऱ्या एका राज्याने सक्तीने रिकामी केलेली जमीन मिळाली. त्यांनी कोणावर हात उचलला नाही, दाम मोजून जमीन घेतली. तरी हे सत्य त्यांच्या गोष्टीचाच भाग आहे, आणि अमेरिकेतल्या मेनोनाइटांत अलीकडे यावर मोकळेपणाने बोललं जातं याचं मला समाधान वाटतं.

मिशन : होपींचं गाव

कॅन्ससला आल्यावर लवकरच मंडळी 'जनरल कॉन्फरन्स' या मेनोनाइट मंडळ्यांच्या संघात सामील झाली. या संघाला मिशनची ओढ होती. १८८० मध्ये इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, अरापाहो आणि शायेन या मूळ अमेरिकन लोकांमध्ये काम सुरू झालं. अलेक्झांडरवोल गावात १८५५ साली जन्मलेला, १८७४ च्या जथ्यात आलेला एच. आर. व्होथ तिथे गेला. पुढे १८९३ ते १९०२ तो अ‍ॅरिझोनात होपी या मूळ अमेरिकन लोकांच्या ओराइबी गावी होता.

व्होथ हा सामान्य माणूस नव्हता. भाषा चटकन शिके, बारकाईने टिपून ठेवी, कॅमेरा चालवी. शिकागोच्या फील्ड संग्रहालयासाठी त्याने होपींच्या वस्तू जमवल्या, त्यांच्या विधींची तपशीलवार वर्णनं छापली, कथा गोळा केल्या. मानववंशशास्त्रात त्याचं काम आजही वापरलं जातं. पण होपींनी जे विधी फक्त दीक्षा घेतलेल्यांसाठी राखले होते त्यांत तो घुसला, मना केलं तरी गेला, फोटो काढले, पवित्र वस्तू बाहेर गेल्या, वेदींच्या प्रतिकृती शिकागोत लोकांसमोर मांडल्या गेल्या. होपींची नाराजी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्याने तिथे बांधलेल्या चर्चवर १९४२ मध्ये वीज पडली. भिंती उभ्या आहेत. बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे झाले.

मला यात व्होथच्या दुष्टपणापेक्षा त्याच्या मंडळीची एक उणीव जास्त दिसते. प्शेखुवकाच्या लोकांना दुसऱ्याच्या सत्तेखाली आपले रीतिरिवाज जपण्याचा दोनशे वर्षांचा अनुभव होता. बाहेरच्याने आपल्या प्रार्थनेत घुसू नये म्हणून त्यांनी देश सोडले होते. होपीही तेच मागत होते. तो अनुभव ओराइबीत उपयोगी पडला असता. पण धर्म शिकवायला निघालेल्या माणसाला समोरच्यात स्वतःचे पूर्वज दिसले नाहीत.

मिशन : इस्पितळ, धान्य, ट्रॅक्टर

याच मंडळीच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गेसेलमध्ये बेथेस्डा इस्पितळ सुरू केलं. अमेरिकेतल्या मेनोनाइटांचं ते पहिलं इस्पितळ. गेसेल हे गावही तेव्हा नवंच, १८९५ चं. त्याच वर्षी बुडालेल्या 'एल्बे' जहाजाबरोबर गेलेल्या कप्तान फॉन गेसेल यांचं नाव त्याला दिलेलं. मैलोन्‌मैल डॉक्टर नसलेल्या माळावर शेतकऱ्यांनी वर्गणी काढून बाळंतिणी आणि म्हातारी माणसं यांची सोय केली. पुढे त्याचं रूप वृद्धांच्या निवासाकडे झुकलं. याची कुठल्या ग्रंथात फार चर्चा नाही, पण लोकांनी ते वापरलं.

आपल्याकडचा धागाही याच काळातला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी, त्यातही दुसऱ्या, छपन्याच्या दुष्काळाने, मध्य प्रांत पार मोडला. १९०० साली कॅन्ससमधले डेव्हिड गर्ट्झ अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी जमवलेलं धान्य घेऊन भारतात आले. मागोमाग जनरल कॉन्फरन्सचे पी. ए. पेनर आणि इतर चांप्याला स्थिरावले. १९०२ मध्ये तिथे कुष्ठरोग्यांचा आश्रम सुरू झाला. मेनोनाइटांच्या दुसऱ्या एका शाखेने १८९९ मध्येच धमतरीला काम मांडलं होतं. चांपा आणि धमतरी आज छत्तीसगडात आहेत, पण तेव्हा हा सगळा प्रदेश नागपूरहून चालायचा. विदेशी मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी १९५४ ची नियोगी समितीही नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्याच अध्यक्षतेखाली नेमली गेली. तिच्या १९५६ च्या अहवालाने धर्मांतरासाठी येणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं असं सुचवलं. अहवालाबद्दल दोन टोकांची मतं आहेत. पण मदत आणि धर्मप्रसार एकाच हाताने दिले की घेणाऱ्याच्या मनात काय होतं, हा त्यातला प्रश्न ओराइबीतही तोच होता.

आणि मग १९२०. मोलोच्नात थांबलेल्या दोन तृतीयांशांची पाळी आली. क्रांती, यादवी, लुटारू टोळ्या, टायफस, आणि १९२१-२२ चा दुष्काळ. ज्यांची आडनावं त्या जुन्या वहीत शेजारीशेजारी होती त्यांतले काही कॅन्ससमध्ये धान्य विकत होते आणि काही युक्रेनमध्ये उपाशी मरत होते. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या मेनोनाइट गटांनी एकत्र येऊन मेनोनाइट सेंट्रल कमिटी स्थापन केली. पहिल्या तुकडीतला क्लेटन क्राट्झ हा तरुण १९२० च्या शेवटी मोलोच्नात पकडला गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. १९२२ मध्ये स्वयंपाकघरं सुरू झाली. जनावरं संपलेल्या गावांना नांगरटीसाठी ५० फोर्डसन ट्रॅक्टरही गेले. स्वयंपाकघरांत जेवणारा मेनोनाइट असलाच पाहिजे अशी अट नव्हती.

ही कमिटी आज जगभर काम करते. कॅन्ससचे लोक तिच्यासाठी दर वर्षी हचिन्सनच्या जत्रेच्या मैदानावर मदतविक्री भरवतात. गोधड्यांचा लिलाव, व्हेरेनिके, म्हणजे पनीर भरलेल्या उकडलेल्या करंज्या, यांसाठीची रांग, त्स्वीबाकच्या पिशव्या. आजींनी महिनोन्‌महिने टाके घातलेली गोधडी कोणी परवडत नसतानाही बोली चढवून घेतो आणि ते पैसे परक्या देशातल्या कोणाच्या तरी पाण्याच्या पंपाला जातात. मला मिशनचं हे रूप मनापासून भावतं.

युद्ध दारात आलं तेव्हा

१९१७ मध्ये अमेरिकेने सक्तीची भरती केली. लेखी हमी नव्हतीच. कॅन्ससची मुलं कॅम्प फन्स्टन या लष्करी छावणीत गेली. गणवेश नाकारणाऱ्यांना मारहाण झाली, काही लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेले. त्यात हे लोक जर्मन बोलणारे. युद्धरोखे घेत नाहीत म्हणून शेजारी खवळले, मेनोनाइटांच्या बेथेल कॉलेजच्या इमारतीवर पिवळा, म्हणजे भित्रेपणाचा, रंग फासला गेला. ११ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबल्याच्या दिवशी, बर्टन गावात जॉन श्राग या मेनोनाइट शेतकऱ्याला जमावाने रंग फासून फाशी द्यायचा बेत केला. एका माणसाने आड येऊन त्याला वाचवलं. घरात प्लाउटडिच ही जर्मनची बोली, प्रार्थनेत शुद्ध जर्मन, ही जुनी रीत त्यानंतर हळूहळू इंग्रजीकडे सरकली.

दुसऱ्या महायुद्धात पर्यायी नागरी सेवा मिळाली. सुमारे १२,००० तरुणांनी ती केली. मनोरुग्णालयं, जंगलं, जमिनीची धूप थांबवणं, सगळं बिनपगारी. त्यांत मेनोनाइट सर्वांत जास्त. पण भरतीत बोलावलेल्या सगळ्या मेनोनाइट तरुणांपैकी साधारण ४० टक्के नेहमीच्या सैन्यात गेले, आणि जनरल कॉन्फरन्सच्या मंडळ्यांत हे प्रमाण आणखी मोठं होतं. ज्या तत्त्वासाठी आजोबांनी गाव सोडलं ते नातवाला आपोआप मिळत नाही. रशियात निर्णय वसाहतीने घेतला होता. इथे भरती मंडळाच्या टेबलापुढे मुलगा एकटा उभा होता.

आज

१३ मार्च १९९० ला हेस्टन आणि गेसेल भागातून दोन महाचक्रीवादळं गेली, दोन्ही सर्वांत वरच्या, एफ-५ श्रेणीची. मेनोनाइट आपत्ती सेवेचे स्वयंसेवक हातोडे, करवती घेऊन आले. ही संघटना १९५० मध्ये याच परिसरातल्या मंडळ्यांतल्या तरुणांनी सुरू केलेली. तिच्या कामाची पद्धत सरळ आहे. घर पडलं की जायचं, छत घालायचं, परत यायचं. घर कोणाचं हे विचारायचं नाही.

अलेक्झांडरवोलसमोरचा आजचा पेच लष्कराचा नाही. शेतं मोठी झाली, एकेका शेतकऱ्याकडे पूर्वीच्या चार-पाच कुटुंबांची जमीन आहे, यंत्रं सगळं उरकतात. मुलं विचिटा, कॅन्सस सिटी, डेन्व्हरला जातात. दोनदा ही मंडळी उठून गेली तेव्हा वही, वडील, भट्टीची रीत आणि गव्हाचं बी घेऊन सगळे मिळून गेले. आता जाणारा एकेकटा जातो, कामाच्या पत्रावर, आणि मागे वहीत त्याचं नाव राहतं. गेसेलच्या संग्रहालयात त्या रेल्वेच्या छपराची प्रतिकृती उभी आहे, बेथेस्डात म्हातारी माणसं आहेत. तिथे राहणाऱ्या शेवटच्या जर्मनभाषिक पिढीकडून आठवणी लिहून घेण्याचं काम आणि हचिन्सनच्या विक्रीसाठी गोधड्या शिवण्याचं काम, दोन्ही बहुतेक वेळा त्याच बायका करतात.